मुलाखतीत स्वतःच्या कामाबद्दल बोलताना लागणाऱ्या इंग्रजी शब्दांच्या जोड्या (खान्देशातल्या मुलामुलींसाठी)

तापीकाठ, जळगाव

मंडळी नमस्कार. मी जळगावात एका पाइप कारखान्यात भरतीचं काम बघते आणि रविवारी एका अभ्यासिकेत मुलांकडून मुलाखतीची तयारी करून घेते. रावेर, यावल, चोपडा, एरंडोल, पारोळा, कधी शिरपूर-शहाद्याकडूनही मुलंमुली येतात. कुणी आयटीआय केलेलं, कुणी डिप्लोमा, कुणी बीएस्सी. हाताला काम येतं, व्याकरण बऱ्यापैकी येतं, शब्दही पाठ असतात. तरी "स्वतःच्या कामाबद्दल दोन मिनिटं इंग्रजीत बोल" म्हटलं की गाडी अडते.

माझं म्हणणं असं आहे की आपण इंग्रजी शब्द सुटे पाठ करतो, आणि इंग्रजी बोलणारा माणूस ते जोडीने वापरतो. भरीत म्हटलं की आपल्या तोंडात कळण्याची भाकरी आपोआप येते, तसं त्यांच्या तोंडात डेडलाइन म्हटलं की 'मीट' येतं. कम्प्लिट किंवा फिनिश येत नाही. ही जोडी तर्काने काढता येत नाही, ऐकून आणि वाचूनच अंगवळणी पडते. आणि कामाच्या बाबतीत ती शोभेपुरती नसते. तुम्ही ते काम कोणत्या पायरीपर्यंत करता, हे ऐकणाऱ्याला त्या जोडीतूनच कळतं.

एरंडोलकडचा एक मुलगा आठवतो. घरचं मोटर भरायचं दुकान. शेतातली जळालेली मोनोब्लॉक (पंप आणि मोटर एकत्र असलेली) आली की हा ती उघडतो, जळालेली तार कापून काढतो, स्लॉट साफ करून नवा इन्सुलेशन पेपर घालतो, तांब्याच्या तारेची कॉइल भरतो, जोडण्या करतो, वॉर्निश मारून वाळवतो, मेगर नावाच्या मीटरने इन्सुलेशन तपासतो, बेअरिंग वाजत असेल तर बदलतो आणि मगच मोटर शेतकऱ्याच्या ताब्यात देतो. हे सगळं त्याने मराठीत न अडखळता सांगितलं. इंग्रजीत विचारल्यावर दोनच वाक्यं आली: "आय फिल मोटर. आय नो मोटर वर्क व्हेरी वेल." एवढं कसब, आणि समोरच्याच्या कानावर त्यातलं काहीच पडलं नाही!

त्याला मी चारच जोड्या दिल्या. रिवाइंड अ मोटर, ट्रेस अ फॉल्ट, रिप्लेस द बेअरिंग्ज, टेस्ट द इन्सुलेशन. पुढच्या रविवारी तो म्हणाला, "आय रिवाइंड बर्न्ट-आउट मोटर्स. आय ट्रेस द फॉल्ट, रिप्लेस द बेअरिंग्ज अँड टेस्ट द इन्सुलेशन बिफोर डिलिव्हरी." व्याकरण त्याचं आधीही होतं तेवढंच होतं. बदललं ते क्रियापद.

सगळ्यात जास्त घोळ आपल्या 'करणे'मुळे होतो. मराठीत प्रगती करणे, चूक करणे, प्रयत्न करणे, तपासणी करणे, नोंद करणे, सगळीकडे एकच क्रियापद. मुलं सगळीकडे 'डू' लावतात. इंग्रजीत प्रोग्रेस, मिस्टेक आणि एफर्ट यांच्यापुढे 'मेक' येतं, इन्स्पेक्शनला 'कॅरी आउट', रेकॉर्डला 'कीप' किंवा 'मेंटेन'. 'घेणे'चंही तसंच. माप घेणे म्हणजे टेक मेझरमेंट्स, इथे नशिबाने दोन्ही भाषा जुळतात. पण अनुभव घेणे म्हणजे 'गेन एक्सपीरियन्स', तिथे 'टेक' चालत नाही. लक्ष देणे म्हणजे 'पे अटेन्शन'. मीटिंग घेणे म्हणजे 'होल्ड अ मीटिंग'. जबाबदारी घेणे मात्र पुन्हा 'टेक रिस्पॉन्सिबिलिटी'. कुठे जुळतं आणि कुठे नाही याला नियम नाही, म्हणूनच यादी पाठ करण्यापेक्षा आपल्या कामातल्या वीस-पंचवीस जोड्या पक्क्या कराव्यात असं मला वाटतं.

तर आपापल्या धंद्यातल्या, नोकरीतल्या जोड्या इथे लिहा. आपले शब्द, आपली कामं. मुलांना दाखवता येतील.

भुसावळ_जंक्शन

ताई, चांगला विषय. माझं आयुष्य रेल्वेत गेलं, आता निवृत्त आहे. आमच्या खात्याच्या इंग्रजीच्या स्वतःच्या जोड्या आहेत आणि खात्यात त्या शंभर टक्के बरोबर आहेत. बिघाड दुरुस्त केला की 'फॉल्ट अटेंडेड' लिहायचं. बदली झाली की 'चार्ज हँडओव्हर' करायचा. पुढच्या स्टेशनकडून 'लाइन क्लिअर', म्हणजे गाडी सोडायची परवानगी, घ्यायचं. शेडमधल्या खलाशापासून कंट्रोलपर्यंत सगळ्यांना अर्थ एकच.

अडचण येते ती रेल्वेबाहेर. आमच्याकडे अप्रेंटिस केलेली मुलं खासगी कंपनीत जातात आणि तिथे सांगतात, "आय अटेंडेड मेनी फॉल्ट्स." बाहेरच्या माणसाला वाटतं, बिघाड झाला तेव्हा हा हजर होता, बस. त्याने 'फिक्स्ड' किंवा 'रेक्टिफाइड' म्हटलं पाहिजे. लग्न अटेंड करतात, मीटिंग अटेंड करतात. बिघाड रेक्टिफाय करतात. रेल्वेतल्या मुलाखतीत मात्र बिनधास्त 'अटेंडेड' म्हणा, तिथे तेच शोभतं. कुणाशी बोलतोय ते बघून जोडी निवडायची.

कापूसवाला_पारोळा

ताई, राग मानू नका, पण पोरांना आधीच इंग्रजीची धास्ती. त्यात आता हा शब्द याच्याशी चालतो आणि त्याच्याशी चालत नाही असं सांगितलं तर बोलायचीच बंद होतील. माझा भाचा चाकणला आहे. तोडकंमोडकं बोलतो, काम चोख करतो, बढतीही झाली. कंपनीला काम पाहिजे, भाषा नाही.

तापीकाठ, जळगाव

दादा, राग कसला. तुमचा मुद्दा मी रोज डोळ्यासमोर ठेवते. व्याकरण चुकलं म्हणून आम्ही कुणाला परत पाठवत नाही. 'ही गो' म्हटलं काय आणि 'ही गोज' म्हटलं काय, काम कळतं. पण 'आय डू मशीन वर्क' म्हटलं तर काम कळतच नाही. झाडतो की चालवतो की दुरुस्त करतो? भाचा कामावर लागल्यावर त्याचा हात बोलला. मुलाखतीत हात दाखवायला मिळत नाही, तिथे क्रियापदच हाताच्या जागी असतं. म्हणून मी मुलांना व्याकरणावर फार टोकत नाही, क्रियापदावर मात्र टोकते.

आणि आपलं म्हणून जे इंग्रजी आहे ते सगळं चूक असंही मी म्हणत नाही. 'टेक अ डिसिजन' अनेक जण खोडतात, ते ब्रिटिश इंग्रजीत व्यवस्थित चालतं, 'मेक अ डिसिजन'ही चालतं. दोन्ही बरोबर.

वर्कशॉपवाले_सर, धुळे

आयटीआयमध्ये शिल्प निदेशक आहे, टर्नर-मशिनिस्टची मुलं शिकवतो. ताई म्हणतात ती पायरीची गोष्ट आमच्या क्षेत्रात पगाराशी जोडलेली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

सीएनसी, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या, मशीनवर काम करणारे तीन प्रकारचे. एक 'ऑपरेट' करतो: जॉब बांधायचा, सायकल स्टार्ट दाबायचं, निघालेला जॉब मोजायचा. दुसरा मशीन 'सेट' करतो: टूल बसवणं, ऑफसेट घेणं, पहिला पीस पास करून देणं. तिसरा 'प्रोग्राम' लिहितो किंवा सुधारतो. कारखान्यात ऑपरेटर, सेटर, प्रोग्रामर अशी पदंच वेगळी असतात. आता आमचा मुलगा सेटिंग करू शकत असताना "आय रन सीएनसी मशीन" म्हणाला, की समोरचा त्याला ऑपरेटर धरतो. त्याने म्हणायला हवं, "आय सेट अप द मशीन, सेट द टूल ऑफसेट्स अँड प्रूव्ह द फर्स्ट पीस." उलटंही होतं. नुसती सायकल दाबणाऱ्याने 'आय प्रोग्राम' म्हटलं तर पुढच्या प्रश्नाला जी-कोडवर, म्हणजे प्रोग्रामच्या भाषेवर, तोंड बंद होतं. जोडी खरी असली पाहिजे.

मोजण्याच्या बाबतीत माझा आग्रह असतो. व्हर्निअर कॅलिपरचा लीस्ट काउंट (मोजता येणारं सगळ्यात लहान माप) ०.०२ मिमी, मायक्रोमीटरचा ०.०१ मिमी, हे मुलांना पाठ असतं. पण "आय नो व्हर्निअर" म्हणून थांबतात. व्हर्निअर 'माहीत असणं' काय कामाचं? टेक मेझरमेंट्स विथ अ व्हर्निअर, रीड अ मायक्रोमीटर, रीड अ ड्रॉइंग, वर्क टू अ टॉलरन्स, होल्ड अ टॉलरन्स (टॉलरन्स म्हणजे मापात चालणारा फरक). आपल्या कारखान्यांत 'मेंटेन टॉलरन्स' जास्त ऐकू येतं, तेही सगळे समजतात. ड्रॉइंगला मात्र 'सी' म्हणू नका. ड्रॉइंग सगळ्यांनाच दिसतं, वाचता येणाराच 'रीड' म्हणतो.

सातपुड्याची_लेक

मी धडगाव तालुक्यातली. घरी पावरी, शाळेत मराठी, नर्सिंगच्या पुस्तकात इंग्रजी. सध्या धुळ्यात स्टाफ नर्स आहे आणि बाहेरदेशी जायची तयारी करतेय. इंटरनेटवरच्या शंभर-दोनशे जोड्यांच्या याद्या खूप मिळतात, पण मुलाखतीच्या वेळी त्यातलं काही तोंडात येत नाही. त्या यादीत माझा वॉर्डच नसतो. "अचीव्ह अ ब्रेकथ्रू" पाठ करून मी काय करू? माझ्या कामाच्या जोड्या कुठे मिळतील?

इंग्रजीचा_मास्तर, अमळनेर

ताई, तुमच्याच वॉर्डातून मिळतील, आणि त्याच टिकतील. रोजची ड्यूटी डोळ्यासमोर आणा आणि मराठीत काय म्हणता ते आधी लिहून काढा. सलाइन लावली. इंजेक्शन दिलं. बीपी बघितलं. ड्रेसिंग केलं. टाके काढले. पुढच्या ड्यूटीच्या सिस्टरला सगळं सांगून निघाले. आता शेजारी इंग्रजी: सेट अप अ ड्रिप, गिव्ह ॲन इंजेक्शन, चेक द ब्लड प्रेशर, ड्रेस अ वूंड, रिमूव्ह स्टिचेस, गिव्ह अ हँडओव्हर. औषधं देण्याला लेखी भाषेत 'ॲडमिनिस्टर मेडिकेशन' म्हणतात, आणि नाडी, ताप, श्वास या सगळ्यावर लक्ष ठेवण्याला 'मॉनिटर व्हायटल साइन्स'. रुग्णाची आधीची माहिती विचारून घेणं म्हणजे 'टेक अ हिस्टरी'. इतिहासाच्या पुस्तकाशी त्याचा संबंध नाही, पण जोडी तीच आहे.

एक माहिती तुमच्या उपयोगाची. आयईएल्टीएस, म्हणजे परदेशी जाणाऱ्यांची इंग्रजीची परीक्षा, तिचे गुण कसे देतात त्याचे निकष जाहीर आहेत. त्यात सातव्या बँडच्या (गुणपातळीच्या) शब्दसंपत्तीच्या वर्णनात 'कोलोकेशन', म्हणजे शब्दांची जोडी, हा शब्दच आहे. म्हणजे जोड्यांचं भान आहे की नाही, हे परीक्षक बघतात. अवघड शब्द किती वापरले, यावर काम भागत नाही.

हा विषय माझ्या आवडीचा आहे म्हणून थोडं मागे जातो. इंग्रजी शब्दांच्या जोड्यांवर शिकवण्याच्या अंगाने मोठं काम झालं ते जपानमध्ये. हॅरॉल्ड पामर तिथे इंग्रजी शिकवण्यावर संशोधन करत होते. जोड्या गोळा करून त्यांनी १९३३ साली टोकियोत त्यावर अहवाल प्रसिद्ध केला. त्यांच्यासोबत काम करणारे ए. एस. हॉर्नबी यांनी पुढे विद्यार्थ्यांसाठी कोश केला, तो १९४२ मध्ये जपानमध्येच निघाला. ऑक्सफर्डचा जो विद्यार्थी-कोश आपल्याकडे घराघरांत दिसतो त्याचं मूळ तेच. आणि 'कोलोकेशन' ही संज्ञा भाषाशास्त्रात रुजवणारे जे. आर. फर्थ १९१९ ते १९२८ या काळात लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. शब्दाचा अर्थ त्याच्या सोबत्यांवरून ओळखावा, हे त्यांनी १९५७ मध्ये मांडलं. मला यात अर्थ दिसतो. ज्याची ती मातृभाषा आहे त्याला जोडी जाणवतच नाही, कारण ती त्याच्या कानात लहानपणापासून आहे. ती जाणवते दुसऱ्याला शिकवताना. म्हणून आपल्या मुलांना हे अवघड जातं त्यात त्यांच्या बुद्धीचा काही दोष नाही.

शोधायला फुकटची साधनं आहेत. 'स्केल' नावाचं संकेतस्थळ आहे, स्केच इंजिनवाल्यांचं. त्यात एक शब्द टाकला की त्याच्यासोबत येणारी क्रियापदं आणि विशेषणं वेगवेगळी करून दाखवतं. अमेरिकन इंग्रजीचा 'कोका' हा शब्दसंग्रह तर शंभर कोटी शब्दांच्या वरचा आहे. कागदावर हवं असेल तर ऑक्सफर्डचा कोलोकेशन्स कोश, पहिली आवृत्ती २००२ची. पण खरं सांगू? सगळ्यात जवळचं साधन म्हणजे नोकरीची जाहिरात. तुमच्या पदाच्या दहा जाहिराती उघडा, नामाखाली एक रेघ मारा, त्याच्या आधीच्या क्रियापदाखाली दुसरी. जे क्रियापद पुन्हापुन्हा येईल ते वहीत.

केळी_पॅकहाउस_सावदा

मी निर्यातीच्या पॅकहाउसमध्ये सुपरवायझर आहे. आमचा माल आखाती देशांत जातो, खरेदीदाराचे लोक येऊन बघून जातात, त्यांच्याशी इंग्रजीतच बोलावं लागतं. आमच्याकडची ओळ अशी चालते: बागेतून घड आले की फण्या सोडवायच्या, पाण्यात चीक धुवायचा, डागी-वाकडी फणी बाजूला काढायची, ग्रेड लावायची, १३ किलोची पेटी भरायची, प्री-कूलिंगला लावायची, मग कंटेनर.

इंग्रजीत हेच: डी-हँड द बंचेस, वॉश ऑफ द लेटेक्स, ग्रेड द फ्रूट, पॅक द बॉक्सेस, प्री-कूल, लोड द कंटेनर. या सगळ्यावर जी एक जोडी खरेदीदार कान देऊन ऐकतो ती म्हणजे 'मेंटेन द कोल्ड चेन', म्हणजे माल वाटेत सगळीकडे ठरलेल्या थंडाव्यात ठेवणं. केळी १३-१४ अंशांवर ठेवायची. त्याच्या खाली गेली की सालीचा रंग मारला जातो, आणि वर गेली की वाटेतच पिकायला लागते. "वुई कीप इट कूल" म्हटलं तर त्याला वाटतं, पंख्याखाली ठेवतात. "वुई मेंटेन द कोल्ड चेन फ्रॉम द पॅकहाउस टू द पोर्ट" म्हटलं की तो मान हलवतो आणि पुढचा प्रश्न विचारतो.

नवीन मुलं 'फिल द कंटेनर' म्हणतात, तेवढं मी सुधारून देतो. तुमच्या मोटरवाल्या मुलाचंही 'फिल'च होतं ना ताई?

तापीकाठ, जळगाव

हो भाऊ, तेच! आपलं 'भरणे' खरंच सगळीकडे पुरतं. अर्ज भरणे म्हणजे फिल इन, फी भरणे म्हणजे पे, टायरमध्ये हवा भरणे म्हणजे इन्फ्लेट किंवा पंप अप, एसीत गॅस भरणे म्हणजे चार्ज किंवा रिचार्ज, केळीला पाणी भरणे म्हणजे इरिगेट, कंटेनर भरणे म्हणजे लोड, मोटर भरणे म्हणजे रिवाइंड. उद्याच्या वर्गात हे फळ्यावरच लिहिते. मुलांनी अशीच 'लावणे', 'मारणे' आणि 'काढणे'ची पानं तयार केली तर निम्मं काम होईल.

अंजनीकाठ

आप्पा, ताई, भलतं भारी लिखेल शे. मन्हा पोऱ्याले वाचाले देस.

चाळीसगाव_ते_पुणे

पुण्यात सॉफ्टवेअर सपोर्टला आहे, ग्राहक इंग्लंडचे. आमच्या रोजच्या जोड्या: रेज अ टिकेट (तक्रार नोंदवणे), असाइन, एस्कलेट (वरच्याकडे पाठवणे), रिझॉल्व्ह ॲन इश्यू, क्लोज. हे पहिल्या आठवड्यात येतं. त्रास होतो तो आपण बरोबर समजून वापरतो त्या शब्दांचा. "आय हॅव अ डाउट" म्हटलं की तिकडच्या माणसाला वाटतं, आपला त्याच्यावर विश्वास नाही. "आय हॅव अ क्वेश्चन" म्हणायचं. "आय पास्ड आउट इन ट्वेंटी ट्वेंटी-टू" म्हटलं तर त्यांच्या कानाला, हा तेव्हा बेशुद्ध पडला होता. 'ग्रॅज्युएटेड' म्हणा. 'कोप अप विथ प्रेशर'मधलं 'अप' जास्तीचं, 'कोप विथ' पुरे. 'डिस्कस अबाउट'मधलं 'अबाउट' जास्तीचं. 'गुड इन एक्सेल' नाही, 'गुड ॲट एक्सेल'. पुण्या-मुंबईच्या मुलाखतीत हे सगळं चालून जातं, कुणी अडवत नाही. परदेशी ग्राहकाचं काम असेल तर आधीच नीट करून जा.

कापूसवाला_पारोळा

सीएनसीचं वाचलं. भाच्याला फोन केला होता. तो ऑपरेटर म्हणूनच लागला आणि सेटिंगचं काम करत राहिला. पद बदलायला मध्ये बराच काळ गेला, म्हणाला. त्याच्या धाकट्या भावाला हा धागा पाठवला आहे. बाकी मुलांना घाबरवू नका हे माझं म्हणणं कायम आहे.

तापीकाठ, जळगाव

दादा, ते कायमच असू द्या, मला त्याची गरज आहे.

आता विशेषणांचं लिहायचं राहिलं होतं. बायोडेटात नव्वद टक्के जागा हार्डवर्किंग, टीम प्लेअर, क्विक लर्नर यांनी भरलेली असते. हे शब्द चूक नाहीत, पण प्रत्येकाच्या कागदावर तेच असल्यामुळे माझी नजर त्यांच्यावरून सरकून जाते. त्यापेक्षा ज्ञान किती आणि हात किती चालतो हे सांगणाऱ्या जोड्या मला थांबवतात. त्यांना चढती पायरी आहे. 'फॅमिलिअर विथ' म्हणजे बघितलंय, थोडं हाताळलंय. 'बेसिक नॉलेज' म्हणजे पाया झालाय. 'वर्किंग नॉलेज' म्हणजे रोजचं काम एकट्याने निघेल. 'हँड्स-ऑन एक्सपीरियन्स' म्हणजे स्वतःच्या हाताने केलंय, पुस्तकातलं नाही. 'साउंड नॉलेज' म्हणजे पक्कं. 'इन-डेप्थ नॉलेज' म्हणजे त्यातला बिघाड का होतो, हेही सांगता येईल. मुलं सरसकट 'फुल नॉलेज' किंवा 'परफेक्ट नॉलेज' लिहितात. या जोड्या इंग्रजीत रुळलेल्या नाहीत, आणि पंचविशीतल्या माणसाला कशाचं पूर्ण ज्ञान आहे हे ऐकून समोरचा तपासायलाच बसतो.

'कम्युनिकेशन स्किल्स'च्या आधी 'गुड', 'स्ट्राँग', 'एक्सलंट' येतं. 'हाय' किंवा 'पॉवरफुल' सहसा येत नाही. कौशल्य वाढवणं म्हणजे डेव्हलप, बिल्ड, इम्प्रूव्ह. आधीच असलेल्याला धार लावणं म्हणजे शार्पन किंवा होन. आणि मदतनीस म्हणून काम केलं असेल तर लाज न बाळगता 'असिस्टेड विथ' म्हणा. ड्रिपची मेन लाइन टाकताना तुम्ही फक्त पाइप जोडून दिले असतील तर "आय असिस्टेड विथ द इन्स्टॉलेशन ऑफ अ ड्रिप सिस्टिम" हे अगदी सन्मानाचं वाक्य आहे. 'आय इन्स्टॉल्ड' म्हणून पुढच्या प्रश्नाला फिल्टरचं बॅकवॉशिंग सांगता आलं नाही, तर आधीचं खरंही खोटं वाटायला लागतं.

सातपुड्याची_लेक

मास्तर, तुमच्या पद्धतीने वहीचं एक पान केलं. टाकते, बघून सांगा.

"आय वर्क इन अ सर्जिकल वॉर्ड. आय मॉनिटर व्हायटल साइन्स, ॲडमिनिस्टर मेडिकेशन अँड ड्रेस वूंड्स. आय कीप अ रेकॉर्ड ऑफ इनटेक अँड आउटपुट. ॲट द एंड ऑफ माय शिफ्ट आय गिव्ह अ हँडओव्हर टू द नेक्स्ट नर्स. आय स्पीक टू पेशंट्स इन मराठी, अहिराणी अँड पावरी."

इंग्रजीचा_मास्तर, अमळनेर

एकही जोडी चुकलेली नाही. फक्त शेवटचं वाक्य वर घ्या, दुसऱ्या क्रमांकावर. चार भाषांत रुग्णाशी आणि डॉक्टरशी बोलू शकणारी नर्स म्हणजे काय, ते कुठल्याही रुग्णालयाला कळतं. तिथे 'स्पीक टू'ऐवजी 'टेक अ हिस्टरी' वापरून बघा: "आय कॅन टेक अ पेशंट्स हिस्टरी इन मराठी, अहिराणी ऑर पावरी." बोलणं आणि हिस्टरी घेणं यात तुमचं शिक्षण दिसतं.

साक्रीकर

उशिरा आलो. आमच्या पुतण्याला पवनचक्कीच्या कंपनीत टेक्निशियनची मुलाखत आहे, परवा. आमच्या पठारावरच्या पवनचक्क्यांवर मदतनीस म्हणून काम केलंय. काय बोलावं?

वर्कशॉपवाले_सर, धुळे

त्याने केलेलंच बोलावं. मदतनीस असेल तर सुरुवात ताईंच्या 'असिस्टेड विथ'ने: "आय असिस्टेड विथ शेड्यूल्ड मेंटेनन्स." मग स्वतःच्या हातचं. बोल्ट ठरलेल्या टॉर्कला आवळणं म्हणजे 'टॉर्क द बोल्ट्स टू स्पेसिफिकेशन'. गिअरबॉक्सचं तेल तपासायला काढणं म्हणजे 'टेक ॲन ऑइल सॅम्पल'. ग्रीस मारणं म्हणजे 'ग्रीस द बेअरिंग्ज'. यातलं त्याने जे केलंय तेवढंच ठेवा.

सुरक्षेचं मात्र सगळ्यात आधी येऊ द्या. टॉवरवर चढायच्या आधी यंत्र बंद करून वीज तोडून कुलूप लावतात, त्याला 'आयसोलेट द टर्बाइन' म्हणतात. पट्टा बांधणं 'वेअर अ हार्नेस'. नियम पाळणं 'फॉलो सेफ्टी प्रोसीजर्स', तिथे 'ओबे' नको. उंचीवरचं काम म्हणजे 'वर्क ॲट हाइट', 'ऑन हाइट' नाही.

साक्रीकर

धन्यवाद सर. रात्रीच बसवतो त्याला. आयसोलेटचा उच्चार 'आय'ने ना?

वर्कशॉपवाले_सर, धुळे

हो, आय-सो-लेट. जोर पहिल्यावर.